पाण्याच्या दिवशी गेलेली बोरमाळ

१

लातूरच्या व्यंकटरावांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली आणि तिची बोरमाळ गेल्या मंगळवारी गेली. पहिल्या जाण्यावर कुणाचाच इलाज नव्हता. दुसऱ्यासाठी मला बोलावलं.

मी मोहसीन. नांदेडला देगलूर नाक्यावर माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. लोक कॅमेरा चोरी झाल्यावर बसवतात, त्यामुळं मी प्रत्येक घरी एक चोरी उशिरा पोचतो. तरी तनुजाताई मला डिटेक्टिव्ह समजतात, त्याला कारण आहे. त्या शिकवतात त्या शाळेत मुख्याध्यापकांच्या केबिनमधले पेढे गायब व्हायचे. मी कॅमेरा लावला आणि तिसऱ्या दिवशी चोर सापडला. मुख्याध्यापकच होते. शुगर असल्यामुळं ते स्वतःपासून लपून खायचे. तेव्हापासून शाळेत माझा दबदबा आहे आणि मुख्याध्यापक मला ओळखत नाहीत.

"मोहसीन, आईची बोरमाळ गेली," तनुजाताई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "लातूरच्या घरात, कपाटात होती. कुलूप शाबूत. किल्ली बाबांच्या करदोड्याला. घरात माणसं दोन. बाबा आणि सृष्टी."

सृष्टी म्हणजे त्यांची भावजय. नवरा पुण्यात कंपनीत. ही लातुरात एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना केमिस्ट्री शिकवते आणि सासऱ्याला सांभाळते.

"म्हणजे संशय वहिनींवर?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?" ताई म्हणाल्या आणि लगेच घेतलं. "सृष्टीशिवाय हाय कोण घरात? आणि ही काय पहिली वस्तू न्हाई. दिवाळीपासून कुकरची शिट्टी गेली, टीव्हीचा रिमोट गेला, देवघरातली घंटी गेली, बाबांच्या चष्म्याचं घर गेलं."

"शिट्टीपासून सुरुवात करणारा चोर म्हणजे सराव करत असणार."

ताई हसल्या नाहीत. "पुढच्या पाण्यापर्यंत शोध. न्हाईतर मी पोलिसात सृष्टीचं नाव देणार. आणि बाबांना कायमचं नांदेडला आणणार."

ही मुदत नीट समजून घ्यायला हवी. व्यंकटरावांच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी सुटतं. तिथं वार, तारीख, अमावस्या हे सगळं कॅलेंडरवर असतं. खरी कालगणना एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत.

ताई उठल्या, दारात थांबल्या.

"आणि एक सांगायचं राहिलं. प्रत्येक वस्तू पाण्याच्या दिवशीच गेली."

२

दार सृष्टीवहिनींनी उघडलं. बोटांना मार्करची निळी शाई.

"तुम्ही चोर पकडायला आलात की मला?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरेपर्यंत चहा घ्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही मागं गेलो. डिटेक्टिव्हनं संशयितावर नजर ठेवायची असते, शिवाय मला साखर कमी लागते.

स्वयंपाकघरात खिळ्याला एक काळं वेटोळं टांगलेलं होतं. कुकरच्या झाकणाचं रबर. अर्धं जळून कोळसा झालेलं.

"हे काय?"

"सासूबाईंचं. त्या कुकर लावायच्या, जवस भाजायला घ्यायच्या आणि अंगणात गप्पा मारायला जायच्या. पाणी आटायचं, रबर जळायचं. महिन्याला एक. हे शेवटचं. बाबा टाकू देत नाहीत."

"काकांची तब्येत कशी असते?"

वहिनींनी फ्रिजवरून फाईल काढली. "मागच्या वर्षीपासून त्यांना पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं. पोटाचे डॉक्टर म्हणाले गॅस. छातीत धडधडायचं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले ईसीजीची पट्टी छान आहे, जिना चढू नका. आमच्या घराला जिनाच नाही, गच्चीवर शिडी आहे. मग अंगावर काटा यायला लागला आणि भीती वाटायला लागली. तिसरे म्हणाले मनाचं दुखणं, झोपेची गोळी घ्या. तीन डॉक्टर, तीन गोळ्या. प्रत्येक गोळी लागू पडायची. बरोबर आठ दिवस."

"मग?"

"मग पुन्हा तेच. दिवाळीपासून बाबा डॉक्टरकडं जायचंच नाही म्हणतात. म्हणतात, बरं हाय. आता भीती पण वाटत न्हाई." त्यांनी चहा गाळला. "भाऊ, माझं नाव पोलिसात गेलं तर क्लासवाले मला दुसऱ्या दिवशी काढतील. पण त्याचं जाऊ द्या. मी गेले तर या माणसाला इथं कोण बघणार? त्यांना नांदेडला नाही जायचं. दिवाळीआधी तीन महिने राहून आले, वाळून गेले होते."

शेजारच्या पार्वतम्मा निलंग्याकडच्या. त्यांची मोटार जळाल्यापासून त्या पाण्याच्या दिवशी घागरी घेऊन व्यंकटरावांच्या हौदावर येतात.

"अय्यो, ती गाळी हाय रे, गाळी," त्यांनी मला पहिल्याच वाक्यात निकाल दिला. गाळी म्हणजे वारं, बाहेरचं. "मंगळवारी मी हौदापाशीच होते की. व्यंकटराव आले बाहेर, वल्ल्या टॉवेलवर. म्या हाक मारली. बघितलंच न्हाई माझ्याकडं! तोंडात पान असल्यावाणी चघळून राहिले होते."

"पान खातात ते?"

"कधीच न्हाई. सुपारीनं दात पडतेत म्हणते."

"हातात काही होतं?"

"मी काय बघत बसू व्हय परक्या बाप्याला, टॉवेलवर? तोंड फिरवून घेतलं. माझं पाणी वाहून चाललं होतं."

मराठवाड्यात साक्षीदार असेच असतात. बघण्यासारखं काही घडलं की लाजून तोंड फिरवतात.

तिसरा माणूस हनीफचाचा. महापालिकेतर्फे गल्लीचा व्हॉल्व्ह उघडणारा. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी, खिशात डायरी. पाणी सोडलं की तो व्यंकटरावांच्या अंगणात चहाला बसतो.

"चाचा, पाण्याच्या दिवशी बाहेरचे तुम्ही आणि पार्वतम्मा. दोघंच."

"मियाँ," चाचा शांतपणे म्हणाला, "मी अख्ख्या गल्लीला पाणी सोडतो आन् माझ्या घरी टँकर येतो. मला चोरायची अक्कल असती तर आधी पाणी न्हाई का चोरलं असतं?"

इतका पक्का बचाव मी ऐकला नव्हता. मी त्याची डायरी मागितली. गल्लीला कुठल्या तारखेला पाणी सुटलं, सगळं उर्दूत नीट लिहिलेलं.

शेवटी व्यंकटराव. चाळीस वर्षं डाळमिलमध्ये ग्रेडर होते. मूठभर तूर नाकाशी धरायची आणि सांगायचं, कुठल्या गोदामात भिजली. मी खुर्चीवर बसलो तसं त्यांनी हवा हुंगली.

"पोरा, सकाळी अंडं खाल्लंस. बसमध्ये केळीवाल्याशेजारी बसलास. केळी अर्धापूरची, अजून दोन दिवस पिकायची होती."

"काका, डिटेक्टिव्ह तुम्हीच व्हा. मी डाळ बघतो."

ते खुदकन हसले. मग मी विचारलं, "बोरमाळ कुठं होती?"

हसू गेलं. "कपाटात."

"शेवटची कधी बघितली?"

"कपाटात."

"कधी विचारलं, काका. कुठं नाही."

ते भिंतीकडं बघायला लागले. भिंतीवर तारामतीकाकूंचा फोटो होता. फोटोत त्यांच्या गळ्यात तीच बोरमाळ, आणि चेहरा असा, की गॅसवर काहीतरी ठेवलंय हे आत्ता आठवलं.

बसमध्ये मी डायरीतल्या तारखा आणि वहिनींनी दिलेल्या चोरीच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. दिवाळीपासून पाणी सहा वेळा सुटलं. वस्तू पाच वेळा गेल्या.

एका पाण्याला चोर सुट्टीवर होता.

३

त्या मंगळवारनंतर नऊ दिवसांनी, गुरुवारी सकाळी सात वाजता पाणी सुटलं.

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे नांदेडच्या माणसाला कळत नाही. आमच्याकडं गोदावरी आहे, आम्हाला पाण्याचं अप्रूप नाही. इथं गल्लीत चाचाची चावी फिरल्याबरोबर वीस मोटारी एकदम घुमल्या. पाइप, घागरी, पिंप, शिव्या. व्यंकटरावांच्या मागच्या अंगणात जमिनीतल्या हौदाचं लोखंडी झाकण उघडून भिंतीला टेकवलं गेलं. एरवी त्याला कुलूप असतं. कोपऱ्यात तांब्याचा बंब धडधडत होता, कारण आठवडाभर अंग पुसून काढलेली माणसं आज डोक्यावरून अंघोळ करणार होती.

मी आदल्या दिवशीच हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. मागचं दार त्यात स्वच्छ दिसत होतं. तनुजाताई पहाटेच्या बसनं येऊन सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये तक्रारीचा कागद. वहिनींनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. ताईंनी तो घेतला नाही. वहिनींनी कपावर बशी झाकली.

बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता. भराभर, एकामागून एक. मी सवयीनं मोजले. सतरा. मग आवाज थांबला.

तेवढ्यात पार्वतम्मांनी बाहेरून हाक मारली, त्यांची घागर वायरला अडकली होती. वायर माझी होती. ताई आणि वहिनी दोघी आवाज ऐकून पुढच्या दारात आल्या. चार मिनिटांत आम्ही परतलो.

हॉलमध्ये व्यंकटराव खुर्चीत बसले होते, केसांतून पाणी टपकत होतं. "सृष्टी, पाणी आलं का गं?" त्यांनी विचारलं. वीस मोटारी घुमत होत्या.

मी स्टुलाकडं बघितलं. तिथं माझा टेस्टर होता. आता नव्हता.

माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच मी चोरीला वेळेवर हजर होतो, आणि चोरी माझीच झाली.

कुणाला काही न बोलता मी गच्चीवर गेलो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग मागं नेलं. व्यंकटराव टॉवेलवर हॉलमध्ये येतात. थबकतात. तोंड हलतंय, काही नसताना चघळल्यासारखं. डावा हात टॉवेलची कड चिवडतोय. उजवा हात स्टुलावरचा टेस्टर उचलतो, ते त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. मागच्या दारातून जातात. सव्वा मिनिटानं येतात. हात रिकामा.

चोर सापडला होता. पण चोराच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. खुर्चीत बसण्याआधी ते एकदम मागं वळून बघतात, कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं.

मागं कुणी नव्हतं. मी तीनदा बघितलं.

४

माझी धाकटी बहीण जिक्रा नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडं कामाला आहे. लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढते. आमच्या घरात दोघंही वायरीवरच जगतो. मी तिला व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"भाई, हा झटका हाय. मिर्गी."

"येडी झालीस का? पडले नाहीत, तोंडाला फेस नाही, हातपाय झाडले नाहीत. चांगले चालत गेले."

"झटका म्हणजे माणूस आडवाच पडला पाहिजे असं तुला कुणी सांगितलं? मेंदूच्या एका कोपऱ्यात लागला तर माणूस उभ्या उभ्या हरवतो. हाकेला ओ न्हाई, तोंड चघळणार, हाताला लागेल ते उचलणार, चालत सुटणार. मिनिट-दोन मिनिटं. नंतर ईचारलं तर काय आठवत न्हाई. आमच्याकडं एक बाई यायच्या, त्यांना नुसतं हसू यायचं. घरचे म्हणायचे, सासू वारल्यावर हसली."

"पोटातून वर चढतं म्हणतात. छातीत धडधड. काटा येतो."

"तेच ते. त्याच्यापायी लोक वर्षवर्षभर गॅसच्या गोळ्या खातेत." मग तिनं विचारलं, "पण पाण्याच्याच दिवशी कामून?"

मी कागद काढला. "सहा पाणी, पाच चोऱ्या. थांब." खाली ओरडून विचारलं, "वहिनी, दत्तजयंतीच्या आधीच्या पाण्याला काय झालं होतं?"

वहिनींनी विचार करून वर उत्तर दिलं, "बंबाची तोटी गळत होती! बाबांनी थंड पाण्यावर उरकलं. आठवडाभर कुरकुर!"

"आणि नांदेडला तीन महिने?"

ताईंचा आवाज आला, "आमच्याकडं शॉवर हाय, सोलरचं कोमट पाणी! तिथं बाबांना एकदासुद्धा धडधडलं न्हाई! हे काय चाललंय?"

फोनमध्ये जिक्रानं श्वास घेतला. "गरम पाणी. डोक्यावर, भराभर. काही मेंदूंना ते सोसत न्हाई, तेवढ्यानं झटका येतो. शेजारी कर्नाटकात असे पेशंट बरेच निघतात, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुझा चोर बंब हाय, भाई."

मी विजयानं गच्चीच्या कठड्यावर हात टेकले आणि खाली बघितलं. मागचं अंगण. भिंत, तुळस, बंब. आणि हौदाचं काळं, उघडं तोंड. वर्षात फक्त पाण्याच्या दिवशी उघडं.

"जिक्रा, तो माणूस त्या अवस्थेत उघड्या हौदापर्यंत जातो आणि वस्तू आत टाकतो."

"मग माळेचं सोड," ती म्हणाली. "एक दिवस हात सोडून पाय पुढं जाईल. आणि ऐक, त्यांना ईचार, आधी कसला वास येतो का? जळका?"

५

व्यंकटराव अंगणात बंबाशेजारी बसले होते. मी झाकण ओढून हौदावर टाकलं आणि त्याच्यावरच बसलो.

"काका, सुरू व्हायच्या आधी वास येतो का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या कपाटात हात घातला.

"कसला?"

"जळका."

त्यांनी काटकीनं बंबातले निखारे सारखे केले. मग हळू आवाजात म्हणाले, "रबर. कुकरचं. आन् मागून भाजलेलं जवस."

मी झाकणावर पुढं सरकून बसलो.

"पहिल्यांदा आलं तवा म्या स्वैपाकघरात जाऊन बघितलं. गॅस बंद. मला वाटलं नाक गेलं. पण चाळीस वर्षं या नाकावर भाव ठरलेत, पोरा. पोटातून कायतरी वर चढतं, रहाटपाळण्यात बसल्यावाणी. आधी लई भ्या वाटायचं. मग एक दिवस वास नीट वळखू आला. ती हाय. मागं उभी हाय, वल्ला हात पदराला पुसून राहिली. आता मला म्हणणार, 'आवो, कुकर बघायचा न्हाई का?' "

"म्हणते?"

"न्हाई ना. म्हणायच्या आत संपतं. मागं वळून बघाया गेलो की मी दुसरीकडंच कुठंतरी उभा असतो." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "म्हणून मी जास्त वततो. पंधरा तांबे, वीस तांबे. पाणी जितकं कढत, तितकी ती लवकर येती. नांदेडला त्या फवाऱ्यात तीन महिने थांबलो. एकदासुद्धा आली न्हाई. लई पोरकं वाटलं."

"बोरमाळ तुम्हीच काढली होती."

"अंघुळीला जाताना काढून बाहेर खिडकीत ठेवली. म्हटलं, आली तर गळ्यात घालता यील." ते हसल्यासारखं करून थांबले. "तेवढं आठवतं. पुढचं न्हाई."

"मग कपाटात होती असं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला दवाखान्यात नेलं असतं. गोळ्या दिल्या असत्या. ती यायची बंद झाली असती." बोलता बोलता त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. दारात तनुजाताई होत्या, हातात पर्समधला कागद. मागं सृष्टीवहिनी.

"मुदत संपली, मोहसीन," ताई म्हणाल्या. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. "सृष्टी, मी चाललेय ठाण्यात. अजून सांगायचं असेल तर सांग."

वहिनींनी सासऱ्याकडं बघितलं. पाण्याच्या दिवशी ते बाथरूममध्ये कुणाची तरी वाट बघतात, हे त्यांना ठाऊक असावं, असं मला त्या नजरेवरून वाटलं. "काही नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. "फक्त जाताना त्यांना नांदेडला नेऊ नका. माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

मी तोंड उघडलं होतं. गच्चीवरून उतरता उतरता घोकलेलं भाषण होतं, हौद, बंब, सहा पाणी, पाच चोऱ्या. रहस्य उलगडायची संधी सीसीटीव्हीवाल्याला रोज मिळत नाही. पण व्यंकटराव उठले.

"तनू, कागद फाड. माळ म्या काढली. शिट्टी, रिमोट, समदं म्याच. मला मिर्गी हाय म्हणतो हा मोसीन. गरम पाण्यानं येती. ने मला डॉक्टरकडं."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घे. उरकलं."

हौद रिकामा करायचा विषय काढताच चारी बाजूंनी गल्ली माझ्या अंगावर आली. भरलेला हौद उपसणं हा तिथं चोरीपेक्षा मोठा गुन्हा. शेवटी पार्वतम्मांनी माळ्यावरून गळ काढला. दोरीला बांधलेलं आकड्यांचं लोखंडी झुपकं. पूर्वी विहिरीत पडलेल्या बादल्या त्यानं काढायच्या. हनीफचाचानं सोडला. पहिल्या खेपेला देवाची घंटी निघाली, आल्याबरोबर वाजली, पार्वतम्मांनी हात जोडले. दुसऱ्या खेपेला काहीच नाही. तिसऱ्याला चष्म्याचं घर. रिमोट निघाला, तो पाहून ताईंनी नकळत बटण दाबलं.

सातव्या खेपेला आकड्याला बोरमाळ लटकून आली.

ताईंनी ती हातात घेतली, पदरानं पुसली आणि वडिलांना दिली नाही. सृष्टीवहिनींच्या हातात ठेवली. "ठेव. कपाटात," म्हणाल्या. माफी मागायची त्यांची ही पद्धत असावी. वहिनींनी मान हलवली आणि विचारलं, "चहा गरम करू का? सकाळचा तसाच हाय."

माझा टेस्टर अजून हौदात आहे.

६

नांदेडला जिक्रानं व्यंकटरावांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. मोठ्या मशीनमध्ये फोटोही काढला. मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला एक जुना व्रण निघाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत वास आणि आठवण तिथं शेजारी शेजारी राहतात. एकाकडं ठिणगी पडली की दुसऱ्याच्या घरी उजेड होतो.

"गोळी घेतली तर ती यायची न्हाई?" व्यंकटरावांनी विचारलं.

"झटका? नाही यायचा. डोक्यावर कोमट पाणी घ्या, हळू घ्या."

"म्या झटक्याचं न्हाई ईचारलं," व्यंकटराव म्हणाले. डॉक्टर पुढचा पेशंट बोलवत होते.

ते लातूरलाच राहिले. वहिनींनी तशी अटच घातली, आणि ताईंनी ऐकली. बंबापाशी काका जे बोलले, ते मी फक्त वहिनींना सांगितलं. गोळी सकाळ-संध्याकाळ. हौदाच्या झाकणाखाली जाळी. तीन पाण्यांनंतर मी कॅमेरा काढून आणायला गेलो. बोरमाळ मिळाली, चोर बरा झाला, कॅमेऱ्याचं काम संपलं होतं.

योगायोगानं पाण्याचाच दिवस होता. बाथरूममधून तांब्याचा आवाज आला. एक. बऱ्याच वेळानं दुसरा. सहाव्याला थांबला. व्यंकटराव बाहेर आले, स्वच्छ कपडे घालून. मला ओळखलं, चहाचं विचारलं, सगळं बरोबर. मग खुर्चीत बसले, स्वयंपाकघराकडं पाठ करून. बोरमाळ मांडीवर.

"तीन पाणी झालं," ते म्हणाले. "आत काय बी वास न्हाई. नुसतं साबण."

 मी शिडीवर चढून स्क्रू काढायला लागलो, टेस्टर नसल्यामुळं सुरीनं.

पाच मिनिटांनी वास आला. मला आला म्हणजे तो खराच होता. जळकं रबर, घशात जाऊन बसणारं. मी शिडीवरून आत डोकावलो. सृष्टीवहिनी गॅससमोर उभ्या होत्या. मोठ्या आचेवर कुकर, आत पाण्याचा थेंब नाही. झाकणाला ते खिळ्यावरचं जुनं, अर्धं उरलेलं रबर. त्या मोबाइलवर केमिस्ट्रीचा पेपर तपासत असल्याचं नाटक करत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानं असेल.

मी हॉलमध्ये बघितलं. व्यंकटरावांनी मान वर केली होती. नाकपुड्या हलल्या. चाळीस वर्षांचं नाक.

"सृष्टी," त्यांनी हाक मारली, आवाज अगदी कोरडा, "कुकर लागला का गं?"

"अगंबाई! विसरलेच बघा, बाबा."

"हां." त्यांनी बोरमाळ मुठीत घेतली. "तारा जवस आधी भाजायची. मग इसरायची."

"पुढच्या पाण्याला भाजते, बाबा."

"थोडं खरपूस," ते म्हणाले.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत, काही न बोलता. त्यांच्या आणि खुर्चीच्या मधे चार फूट अंतर होतं. व्यंकटरावांना ते पावलांवरून कळलं असणार. ते डोळे मिटून बसले होते, बोरमाळ मुठीत, पाठ ताठ.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी बघत होतो, की ते मागं वळून बघत नाहीत.

मी कॅमेरा काढून पिशवीत टाकला.